कंदील, कोयना, इन्व्हर्टर आणि सोलर : आपल्या भागातल्या संध्याकाळच्या विजेची गोष्ट

मंडळी, गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न राजकारणावरचा नाही. तो असा आहे : "गच्चीवर सोलर बसवलंय, ऊन कडक पडलंय, तरी लाईट गेली की घरातला पंखा बंद का पडतो?" कराड-पाटण भागात सूर्यघर योजनेतून ज्यांनी पॅनेल लावले, त्यातल्या पुष्कळांना हा धक्का पहिल्या वळवाच्या पावसात बसतो. बिल शून्य होईल हे विकणाऱ्यानं दहा वेळा सांगितलेलं असतं. हे मात्र सांगायचं राहून जातं.

उत्तर तसं दोन ओळींचं आहे. योजनेत सहसा जी यंत्रणा बसते ती 'ऑन-ग्रिड'. तिचा इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनचा ताल धरून चालतो, आणि लाईन मेली की स्वतःहून थांबतो. हे मुद्दाम केलेलं आहे. लाईनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरनं तारेत उलटी वीज गेली तर तो जिवानिशी जाईल. लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचं असेल तर बॅटरी लागते, आणि त्या वेळी घराला लाईनपासून तोडून वेगळं करणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

म्हणजे प्रश्न बॅटरीचा. पण मग प्रत्येक घरात बॅटरी का नाही, पूर्वी होती ती कुठं गेली, आणि तिचे पैसे कुणी भरायचे? याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही. त्याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि गंमत म्हणजे तो बराचसा आपल्याच दोन तालुक्यांतनं जातो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात ओगलेवाडीपासून करू. आज आपण ओगलेवाडी म्हटलं की रेल्वे स्टेशन आठवतो. पण आपल्या आज्या-पणज्यांना आठवायचा तो ओगल्यांचा काच कारखाना आणि 'प्रभाकर' कंदील. स्वदेशीच्या काळात विलायती कंदिलाला तोंड देणारा हा माल महाराष्ट्रभर गेला. देवळात, तालमीत, बैलगाडीच्या जूखाली, बाळंतिणीच्या खोलीत तोच. मला त्या कंदिलाचं एक वैशिष्ट्य नेहमी महत्त्वाचं वाटतं : इंधन त्याच्या पोटातच असायचं. टाकीत रॉकेल आहे तोवर उजेड तुमचा. किती जाळायचं, वात कधी खाली करायची, हे घरातली बाई ठरवायची. उजेड कमी होता, धूर होता, डोळ्यांची वाट लागायची, पण तो उजेड कुणी दुसऱ्या गावात बसून बंद करू शकत नव्हतं. (रेशनवरचं रॉकेल येईना झालं की ती गोष्ट वेगळी.)

तारेतली वीज आली ती मुंबईसाठी. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि घाटमाथ्यावरच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालायला लागल्या. मग भिवपुरी, मग भिरा. यातल्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, हे शाळेत एका ओळीत शिकवतात. ती ओळ लक्षात ठेवा. पाणी साठवायचं डोंगरात, उजेड पडायचा शहरात, ही पद्धत तेव्हा पडली.

आपल्याकडे तीच पद्धत कोयनेच्या रूपानं आली. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजघरातनं वीज निघायला लागली. धरण आपल्या पाटण तालुक्यात, पाणी डोंगराच्या पोटातनं कोकणात, वीजघर सह्याद्रीच्या पलीकडे, आणि वापरून झालेलं पाणी वाशिष्ठीतनं समुद्राला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगरची घरं कोसळली. आपल्याकडच्या कित्येक घरांत अजून 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' अशीच काळाची मोजणी चालते. धरण मात्र टिकलं, दुरुस्त झालं आणि टप्प्याटप्प्यानं प्रकल्पाची क्षमता जवळजवळ १९६० मेगावॉटवर गेली. १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयाच्या तळाला भोक पाडून झालेलं 'लेक टॅपिंग' आठवत असेल. ते चौथ्या टप्प्यासाठी होतं, एकट्या १००० मेगावॉटच्या टप्प्यासाठी.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून वीज करायला मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादानं ती वर्षाला ६७.५ टीएमसी अशी घालून दिली. चारही टप्पे रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालवायचे म्हटले तर एवढं पाणी वर्षभर पुरणार नाही. मग करायचं काय? पाणी राखून ठेवायचं आणि राज्यात जेव्हा विजेची सगळ्यात जास्त ओढ असते तेव्हा सोडायचं. जलविद्युत यंत्र काही मिनिटांत सुरू होतं आणि काही मिनिटांत थांबतं. कोळशाच्या संचाला ते जमत नाही. म्हणून कोयना प्रामुख्यानं सकाळ-संध्याकाळच्या ओढीच्या वेळी धावते. साध्या भाषेत सांगायचं तर कोयना ही महाराष्ट्राची बॅटरी आहे. पावसाळ्यात चार्ज होते, वर्षभर संध्याकाळी उतरते.

पाणी वर चढवून परत सोडायची तर आणखी सरळ तऱ्हा आहे. भिऱ्याला टाटांचा तसा १५० मेगावॉटचा संच आहे, आणि अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा सरकारी प्रकल्प आहे. मागणी कमी असताना खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात ओढायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. तुमच्या घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी तरी दुसरं काय करते?

सांगायचा मुद्दा, वीज तयार करणं हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे ती संध्याकाळपर्यंत जपून ठेवणं, आणि संध्याकाळी कुणाला द्यायची हे ठरवणं. हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, विजेचा खरा मालक तो. कंदिलात तो अधिकार घरात होता. कोयनेत तो मुंबई-कळव्याच्या नियंत्रण कक्षात गेला. वाईट झालं असं मी म्हणत नाही. त्या बदल्यात पिठाची गिरणी आली, विहिरीवर मोटर आली, दवाखान्यात फ्रीज आला. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळानं पुढच्या तीसेक वर्षांत खेडोपाडी तारा नेल्या, हे काम खरोखर मोठं होतं. शिव्या घालायच्या तेव्हा घालू, पण हे मोजलं पाहिजे.

शिव्यांचा काळ २००० नंतर आला. गुहागरजवळचा दाभोळ प्रकल्प, म्हणजे एन्रॉन, १९९५ च्या निवडणुकीत समुद्रात बुडाला, निवडणुकीनंतर परत वर आला, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दरावरनं भांडण होऊन २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मूळ अमेरिकन कंपनीच दिवाळखोरीत गेली. यावर पुस्तकं निघाली आहेत, मी इथं खोलात जात नाही. आपल्यासाठी परिणाम एवढाच : एन्रॉनची वीज येणार म्हणून बाकी कुणी फारसं काही बांधलं नव्हतं, आणि एन्रॉनची वीज आली नाही. इकडे मागणी वाढत राहिली. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या, आणि त्याच सुमारास भारनियमनानं कहर केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ऐन ओढीच्या वेळचा तुटवडा चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात गेला. म्हणजे दोन कोयनांपेक्षा जास्त.

ज्यांची पोरं तेव्हा दहावी-बारावीला होती त्यांना ते दिवस सांगायला नकोत. गावाकडे बारा-बारा तास वीज नाही. पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक राशिभविष्यासारखं छापून यायचं आणि तेवढंच खरं ठरायचं. पुढे फीडरचे गट पाडले : अ, ब, क, ड करत ग पर्यंत. ज्या फीडरवर गळती कमी आणि वसुली चांगली तिथं कमी अंधार, जिथं आकडे जास्त तिथं जास्त अंधार. हिशोबाच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. पण आकडा टाकणारा एक आणि त्याच्या शेजारी नियमानं बिल भरणारी वीस घरं, सगळी एकाच अंधारात. सामूहिक शिक्षाच ती.

त्याच वेळी पुण्यात काय झालं ते बघा. २००६ मध्ये 'पुणे मॉडेल' आलं. तिथल्या कारखान्यांनी आपापले डिझेल जनरेटर ओढीच्या वेळी चालवायचे, तेवढी ग्रिडची वीज शहराला मोकळी करायची, आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी युनिटमागे थोडे पैसे देऊन उचलायचा. शहर भारनियमनमुक्त. कल्पना हुशार होती, आयोगासमोर जाहीर सुनावणी होऊन आली होती. पण ती तिथंच शक्य होती जिथं कारखाने होते आणि बिल भरणारी ऐपत होती. गावांच्या वाट्याला 'अक्षय प्रकाश योजना' आली. संध्याकाळी मोटारी, हीटर, गिरण्या लावणार नाही असा गावानं ठराव करायचा, त्या बदल्यात दिव्यापुरती वीज मिळायची. काही गावांनी ती इमानानं पाळली. एकच संध्याकाळ, शहराला ती पैसे देऊन मिळाली आणि गावाला संयम दाखवून.

आणि ज्यांना दोन्ही नको होतं त्यांनी इन्व्हर्टर घेतला. आपल्याकडे घरात बॅटरी आली ती अशी, सोलरच्या कितीतरी आधी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ती काळी जड पेटी जिन्याखाली किंवा दिवाणखान्यात टेबलाखाली. महिना-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यानं धुवायची, व्हॅसलीन लावायचं. चार-पाच वर्षांत ती मरायची, भंगारवाला जुनी घेऊन जायचा, नवीन यायची. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ साली केली. दीडशे वर्षांनी तिच्याच जिवावर आपल्या तालुक्यातली पोरं अभ्यास करत होती.

या इन्व्हर्टरवर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. सरकारी तुटवड्याचं बिल तेव्हा घराघरांनी स्वतःच्या खिशातनं भरलं. प्रत्येक घराचे पंधरा-वीस हजार, दर पाच वर्षांनी बॅटरीचे परत दहा-बारा हजार. राज्याच्या कुठल्याच अंदाजपत्रकात हा आकडा दिसत नाही. शिवाय त्यात एक गोची होती. बॅटरी भरताना आणि उतरताना मिळून चांगली चतुर्थांशाच्या वर वीज वाया जायची. लाईट आली की गल्लीतले सगळे इन्व्हर्टर एकदम चार्जिंगला लागायचे, आणि डीपीवर भार वाढून ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही त्याच्या घरचा बल्ब मिणमिणायचा. कमी विजेत ज्याला परवडतं तो आपली सोय करून घेतो आणि तुटवडा शेजाऱ्याकडे सरकतो. २०१२ च्या शेवटी भारनियमनमुक्तीची घोषणा झाली. शहरं आणि वसुली चांगली असलेली गावं सुटली. शेतीपंपाला मात्र दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास हे चक्र राहिलंच. बिबट्या आणि सापाच्या धास्तीत रात्री पाणी पाजणारा शेतकरी त्या घोषणेत नव्हता.

सोलरचा प्रवास तोवर वेगळ्याच वाटेनं चालला होता. १९५४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल झाला, उन्हातली सहा टक्के ऊर्जा विजेत बदलणारा. चार वर्षांत तो उपग्रहावर चढला. भारतात सत्तरच्या दशकात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सनं सेल करायला घेतले, १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला. आपल्याकडे हे सगळं दिसलं ते डोंगरातल्या वाड्यांवर. एक पॅनेल, एक बॅटरी, दोन ट्यूब. नाहीतर चौकात खांबावरचा सौरदिवा. सगळं बॅटरीवर, कारण तिथं लाईनच नव्हती. पाटणच्या वरच्या अंगाला फिरताना असे खांब मी पुष्कळ पाहिलेत : पॅनेल शाबूत, दिवा शाबूत, आणि खाली बॅटरीचा डबा उघडा, रिकामा. उद्घाटनाला निधी होता, चार वर्षांनी नवीन बॅटरी कुणी आणायची याला नव्हता. सौर ऊर्जा म्हणजे फुकटचं नाटक, असं लोकांचं मत झालं ते त्या रिकाम्या डब्यांमुळे. त्यात पॅनेलचा काही दोष नव्हता.

मग २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं. जर्मनीनं आधी भाव देऊन बाजार तयार केला होता, चीननं कारखाने टाकून किमती पाडल्या होत्या. आपल्या राज्यात वीज नियामक आयोगानं २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले आणि बॅटरीचा डबाच चित्रातनं गेला. कल्पना सोपी होती : दुपारी जास्त झालेली वीज लाईनमध्ये सोडा, रात्री लाईनमधनं घ्या, मीटर दोन्ही मोजेल, फरकाचं बिल भरा. वर्षाचा शिल्लक हिशोब ३१ मार्चला. घरात बॅटरी नको, डिस्टिल्ड वॉटर नको, भंगारवाला नको. ग्रिड हीच तुमची बॅटरी.

नेट मीटरिंगमुळेच छतावरचं सोलर मध्यमवर्गाला परवडलं, याबद्दल मला शंका नाही. पण 'ग्रिड हीच बॅटरी' हे वाक्य जरा खोडकर आहे. ग्रिड काही साठवत नाही. तुम्ही दुपारी दिलेली वीज त्याच क्षणी शेजारच्या कुणीतरी वापरलेली असते. रात्री तुम्हाला परत मिळते ती कुठल्यातरी कोळशाच्या संचातली नाहीतर, हो, कोयनेतली. तुमची युनिटं वहीत साठतात, तारेत नाही. वहीतली वीज बिल कमी करते. वादळात दिवा लावत नाही.

ते वादळात कळलंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे आणि आपल्याही नदीकाठी सबस्टेशनं बंद ठेवावी लागली. कित्येक भागांत काही दिवस वीज नव्हती, लोक मोबाईल चार्ज करायला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या शोधत होते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, श्रीवर्धन, मुरूडकडे खांब असे आडवे झाले की काही गावांना वीज परत यायला आठवडे लागले. अशा वेळी ऑन-ग्रिडचे पॅनेल म्हणजे गच्चीवरची महागडी फरशी.

तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेचं गणित पॅनेलभोवतीच राहिलं. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण जास्तीत जास्त ७८,०००. देशात एक कोटी घरांचं उद्दिष्ट. अनुदान किलोवॉटवर मोजलं जातं. किती युनिट साठवता यावर नाही. हायब्रिड इन्व्हर्टर बसवायला बंदी नाही, पण त्याचा आणि बॅटरीचा वरचा खर्च सगळा तुमचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा पॅनेल ५ टक्क्यांवर आले. लिथियम बॅटऱ्या १८ टक्क्यांवर राहिल्या. सरकारच्या मनात बॅटरी अजून चैनीच्या वस्तूंशेजारी बसते असं दिसतं.

आता ज्यांना बसवायचं आहे त्यांच्यासाठी थोडा हिशोब, कारण बाजारात फार गोंधळ आहे. मी स्वतः ३ किलोवॉटचे पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी लावली आहे. आपल्याकडे एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. उन्हाळ्यात जास्त, श्रावणात निम्म्यावर. जागा किलोवॉटमागे शंभर चौरस फूट, सावली नको. आंब्याची एक फांदी सुद्धा पूर्ण ओळीचं उत्पादन खाली आणते.

बॅटरी किती हवी हे पॅनेलवरनं ठरवू नका, संध्याकाळवरनं ठरवा. सहा ते सकाळी सहा काय काय चालतं ते कागदावर लिहा. तीन बीएलडीसी पंखे, सात-आठ एलईडी, टीव्ही, फ्रीज, वायफाय एवढं धरलं तर दोन ते अडीच युनिट होतात. गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर, एसी हे बॅटरीवर घेऊ नका, त्यांची लाईन वायरमनकडून वेगळी काढून घ्या. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण शिसाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे हाताशी ०.९. रोज वापरायची तर अशा तीन-चार लागतील, आणि त्या सोलरसाठीच्या सी-१० रेटिंगच्या हव्यात, साध्या इन्व्हर्टरच्या सी-२० नकोत. लिथियममध्ये घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. ३.२ व्होल्टचे सोळा सेल, ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे ५.१२ युनिट, आणि त्यातली चार-साडेचार खुशाल वापरा. रोज भरली-उतरवली तरी दहा वर्षं जायला हरकत नसते. ती मला पडली लाखाच्या आसपास. बिलात वाचणाऱ्या पैशातनं ती फिटत नाही, हे स्पष्ट सांगतो. जो कुणी 'बॅटरीसकट चार वर्षांत वसूल' म्हणतो त्याच्याकडून तो हिशोब लिहून मागा. मी मागितला होता, तो विक्रेता परत आला नाही.

शिसाची बॅटरी बंद खोलीत ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. लिथियम उन्हात आणि स्वयंपाकघरात नको. अर्थिंग आणि वीजरोधक याला पैसे वाचवू नका, आपला भाग वळवाच्या विजांचा आहे.

किमतीचं म्हणाल तर त्या पडतायत. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीप्रमाणे लिथियम बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ वर आला. आपल्या दुकानातला भाव त्याच्या मागनं रांगत येतो, पण येतो. माझा अंदाज, पाच-सात वर्षांत परत एकदा प्रत्येक जिन्याखाली बॅटरी दिसेल.

आणि इथंच मला इन्व्हर्टरचा काळ आठवतो. राज्यात आता दुपारी सौर वीज वाढत चालली आहे. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेतनं शेतीला दिवसा वीज द्यायची खटपट चालू आहे आणि ती चांगली आहे. पण सूर्य सहाला मावळतो आणि ओढ सातला वाढते. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापरावर सवलत आली. कारखान्यांना संध्याकाळी जादा दर कधीपासून आहेच. २०२५ च्या दराच्या सुनावणीवेळी तर छतावर दुपारी बनवलेली युनिटं दुपारच्याच वापरातनं वजा करायची असा प्रस्ताव आला आणि सोलरवाल्यांनी आरडाओरड केली. तो वाद कायमचा मिटला असं समजू नका. २०१९ च्या नियमांमध्ये ग्रिड सपोर्ट चार्जची तरतूद करून ठेवलेली आहे. १० किलोवॉटपर्यंतच्या मंजूर भाराला त्यातनं सूट आहे म्हणून घरगुती ग्राहक आज निवांत आहे. वहीतली वीज हळूहळू स्वस्त होणार आणि संध्याकाळची महाग होणार, ही दिशा मला तरी स्वच्छ दिसते.

मग ज्याच्याकडे गच्ची आणि लाखभर रुपये आहेत तो बॅटरी घेऊन सुटेल. फ्लॅटमधला, भाड्याच्या खोलीतला, पत्र्याच्या घरातला माणूस महाग संध्याकाळ विकत घेईल. २००६ चंच चित्र, फक्त पेटीचा रंग पांढरा.

हे टाळता येतं. बॅटरी घरात न ठेवता डीपीजवळ ठेवता येते, पन्नास-शंभर घरांची मिळून. प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाची पाणीयोजना, पूररेषेतल्या शाळा, यांना पॅनेलबरोबर बॅटरी सक्तीची करता येते. पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली, सगळी घरं सोलरवर. छोट्या वाडीनं करून दाखवलं, त्याबद्दल मनापासून कौतुक. तिथनं थोड्याच अंतरावर कोयनेची भिंत आहे, राज्याची सगळ्यात मोठी बॅटरी. पुढचा प्रयोग म्हणून त्याच वाडीला एक सामायिक बॅटरी द्या, लाईन गेली तरी अख्खी वाडी रात्रभर चालते का ते बघा, आणि खर्चाचा हिशोब जाहीर करा. आपल्या आमदार-खासदारांना भेटायला जाणाऱ्यांनी हा मुद्दा निवेदनात घालावा. रस्त्याच्या मुद्द्याखाली एक ओळ जास्त, एवढंच.

दोन विनंत्या. ज्यांनी सोलर बसवलंय त्यांनी कमेंटमध्ये गाव, किलोवॉट, बॅटरी आहे की नाही, आणि गेल्या पावसाळ्यात अंदाजे किती तास लाईट गेली एवढं लिहा. फीडरप्रमाणे यादी करून महावितरणच्या उपविभागात द्यायची आहे. आणि कुणाच्या माळ्यावर प्रभाकर कंदील असेल, किंवा वहीत २००६-०७ च्या भारनियमन वेळापत्रकाचं कात्रण राहिलं असेल, तर फोटो टाका. काच फुटलेली असली तरी चालेल, टाकीवरचा शिक्का दिसला पाहिजे.